अंधारात डोळ्यांना विश्रांती? छे!

डोळे मिटून अंधारात पडलं की डोळ्यांना आराम, असं आपण म्हणतो. पापण्यांना, डोळा फिरवणाऱ्या स्नायूंना तो मिळतही असेल. दृष्टिपटलाला मात्र नाही. उजेडापेक्षा अंधारातच त्याला प्राणवायू जास्त लागतो.

माणसाच्या एका दृष्टिपटलात प्रकाश टिपणाऱ्या सुमारे १२ कोटी दंडपेशी (मंद उजेडासाठी) आणि ६० लाख शंकुपेशी (भर उजेडासाठी) असतात. चेतना मिळाली की चेतापेशी उत्तेजित होते आणि टोकाशी रसायन सोडते, हे आपण शाळेत शिकलो. या पेशींचं नेमकं उलटं! अंधारात त्यांची द्वारं उघडी असतात, सोडियम आत येत राहतो (तो बाहेर उपसण्यातच ऊर्जा खर्ची पडते) आणि ग्लूटामेट हा न्यूरोट्रान्समीटर (पेशीकडून पेशीकडे निरोप नेणारं रसायन) सतत झिरपत असतो. प्रकाश पडला की द्वारं मिटतात आणि ग्लूटामेट घटतो.

हा ग्लूटामेट पोचतो पुढच्या द्विध्रुवी पेशींवर. त्यांचे दोन प्रकार, ऑन आणि ऑफ. दोन अधिवेशनांच्या शाळेत एकच घंटा सकाळच्या मुलांना सुटीची आणि दुपारच्यांना वर्गात जायची असते, तसं इथे एकाच रसायनाचे दोन अर्थ होतात. अर्थ ठरवतो तो रिसेप्टर, म्हणजे रसायन ज्याला चिकटतं ते पेशीवरचं प्रथिन. ऑफ पेशींवरचा रिसेप्टर स्वतःच एक द्वार आहे: ग्लूटामेट चिकटला की उघडतं, पेशी उत्तेजित. म्हणून ती अंधाराची बातमी देते.

ऑन पेशींवर असतो एमग्लुआर-६, माझा आवडता. हा द्वार नाही. ग्लूटामेट चिकटला की तो पेशीच्या आत ‘गो’ नावाचं जी-प्रथिन (निरोप आत पोचवणारं प्रथिन) जागं करतो, आणि ते टीआरपीएम-१ हे वेगळंच द्वार बंद करवतं. प्रकाश आला, ग्लूटामेट घटला, साखळी थांबली, टीआरपीएम-१ उघडलं, पेशी उत्तेजित! मेंदूत बहुतेक ठिकाणी उत्तेजक असलेलं रसायन इथे गप्प बसवतं. १९८१ साली स्लॉटर आणि मिलर यांनी एका उभयचराच्या दृष्टिपटलावर एपीबी हे ग्लूटामेटसारखं रसायन टाकलं, तेव्हा फक्त ऑन प्रतिसाद नाहीसा झाला. रिसेप्टरचा जनुक जपानमध्ये नाकानिशींच्या गटाने १९९३ साली उंदरात शोधला. टीआरपीएम-१ची ओळख पटायला मात्र २००९ उजाडलं.

पट्टी बांधून मुलं वाचतात असं सांगत ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे वर्ग चालवणाऱ्यांनी एवढंच सांगावं, की प्रकाश न पोचता ग्लूटामेट घटतो कसा? खरं उत्तर नाकाशेजारच्या फटीत असतं.

सस्तन प्राण्यांच्या दंडपेशींना थेट जोडलेल्या खास द्विध्रुवी पेशी सगळ्या ऑन प्रकारच्या. त्यामुळे एमग्लुआर-६ किंवा टीआरपीएम-१च्या जनुकात दोष असला की जन्मापासून रातांधळेपणा येतो. दंडपेशी प्रकाश टिपतात, पण निरोप पुढे जात नाही. ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेने येणारा रातांधळेपणा गाजर-शेवग्याच्या पाल्याने टाळता येतो, हा नाही.

टीआरपीएम-१ त्वचेच्या रंगद्रव्य-पेशींतही असतं. अमेरिकेतल्या ठिपकेदार ॲपलूसा घोड्यांत या जनुकातला बदल आई-बाप दोघांकडून आला, तर पिल्लू रात्री आंधळं निघतं. आणि मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगात काही रुग्णांच्या शरीरात या द्वाराविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात; ती दृष्टिपटलातल्या ऑन पेशींवर जाऊन बसतात आणि धडधाकट दृष्टी असलेल्या माणसाला अचानक रात्री दिसेनासं होतं.