200 किलोचा खटका आणि तेलाचा एक थेंब

घडीच्या चाकूचे व्हिडिओ हल्ली मोबाइलवर खूप फिरतात. पातं वाइसमध्ये आवळलेलं, मुठीला एकामागून एक लोखंडी वजनं टांगलेली, आणि खाली ठळक अक्षरात दावा: ‘200 किलो पेलणारा लॉक’. जालन्यापासून लातूरपर्यंत शेतातल्या पोरांच्या खिशात आता असले जाडजूड चाकू दिसतात. ठिबकची नळी कापायला, खताच्या पोत्याची शिवण उसवायला, मोसंबीची वाळकी काडी छाटायला. मग आखाड्यावर वाद रंगतो की कुणाचा खटका (म्हणजे हाच लॉक) जास्त किलोचा.

पण हे किलो टांगले कुठं, हे कुणी विचारत नाही.

शाळेतली तरफ आठवा. वजनाचा परिणाम नुसत्या वजनावर ठरत नाही, ते खिळीपासून, म्हणजे ज्या टेकूभोवती सगळं फिरतं त्यापासून, किती लांब आहे त्यावरही ठरतो. खिळीपासून 5 सेंटिमीटरवर टांगलेले 40 किलो आणि 10 सेंटिमीटरवरचे 20 किलो, दोन्हींचा ताण सारखाच. त्यामुळं अंतर न सांगता दिलेला किलोचा आकडा म्हणजे नुसता ‘दहा रुपये’ असा भाव. किलोला की पोत्याला, ते सांगितलंच नाही.

आता चाकूच्या पोटात काय होतं ते बघू. खिळीपासून 10 सेंटिमीटरवर 20 किलो टांगले. पातं मिटू न देणारा खटका मात्र खिळीपासून जेमतेम 8 मिलिमीटरवर टेकलेला असतो. 20 गुणिले 10, भागिले 0.8. उत्तर 250 किलो. (बल किलोत मोजतोय म्हणून भौतिकशास्त्राच्या मास्तरांनी रागावू नये, न्यूटन लिहिले की अर्धे वाचक पळतात.) हे 250 किलो जातात कुठं? दीड मिलिमीटर जाड आणि 3 मिलिमीटर उंच अशा टेकणीवर. दर चौरस मिलिमीटरला 55 किलोहून जास्त. चांगलं टायटॅनियम किंवा पाणी दिलेलं स्टील एवढं सोसतं. म्हणजे धातू फुटायच्या आधी दुसरंच काही तरी बिघडतं, आणि खरी गंमत तिथंच आहे.

खटक्याचे प्रकार बरेच आहेत. फ्रान्समधल्या साव्हुआ भागात 1890 मध्ये सुरू झालेल्या ओपिनेल चाकूला 1955 मध्ये फिरणारं कडं आलं. ते फिरवलं की पात्याची वाट बंद. 1964 च्या ‘बक 110’ने मुठीच्या पाठीवरची, मधल्या खिळीवर झुलणारी पट्टी जगभर पोचवली. पट्टीचं आकड्यासारखं टोक पात्याच्या खाचेत पडतं. 1980 च्या दशकात अमेरिकी कारागीर मायकल वॉकर यांनी लायनर लॉक आजच्या रूपात आणला. 1998 च्या ‘ॲक्सिस’ लॉकमध्ये मुठीत आडवा दांडा असतो आणि दोन बारीक स्प्रिंगा त्याला पुढं ढकलत राहतात.

यातला माझा लाडका लायनर लॉक. दिसायला अगदी फालतू: मुठीच्या आतल्या पत्र्याचीच एक जीभ कापून किंचित आत वाकवलेली. पातं उघडलं की ही जीभ सरकून पात्याच्या बुडाखाली येते आणि आडवी उभी राहते. बूड सरळ घासलेलं नसतं, त्याला साधारण 8 अंशांचा उतार दिलेला असतो. कुऱ्हाडीच्या दांड्यात ठोकतात तशी ही पाचर आहे. उतार कशाला? झीज भरून काढायला. टेकण 0.1 मिलिमीटर झिजली तर जीभ 0.7 मिलिमीटर आणखी आत सरकते आणि पातं डुलत नाही.

पण उताराची किंमत मोजावी लागते. 250 किलोंनी दाबलं की त्यातलं काही बल उतारावरून जिभेला बाजूला, म्हणजे सुटायच्या दिशेनं ढकलतं. 8 अंशांच्या ज्येचा (साइनचा) हिशेब केला तर ते सुमारे 35 किलो येतं. तिला अडवतं कोण? स्प्रिंगचा जोर एखाद-दोन किलोचा, त्याला इथं कोण विचारतो. अडवतं ते घर्षण. दोन पृष्ठभागांचा घर्षणांक 0.3 असला तर घर्षण 74 किलोंपर्यंत रेटा धरू शकतं, 35 ची काय कथा. तोच घर्षणांक तेलामुळं 0.1 वर आला तर घर्षणाची ताकद उरते 25 किलो. 35 विरुद्ध 25. जीभ सटकते, पातं मिटतं, आणि मध्ये बोट असलं तर पुढचं सांगायला नको.

इथं एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. वजन वाढवलं की ढकलणारं बल वाढतं, तसंच घर्षणही त्याच प्रमाणात वाढतं. त्यामुळं सटकणार की नाही, हे मुख्यतः वजनावर नाही तर उतार आणि घर्षणांक यांच्या झुंजीवर ठरतं. 8 अंशांची स्पर्शज्या (टॅन) 0.14. घर्षणांक त्याहून जास्त तर खटका धरतो, कमी तर सोडतो. एकच चाकू कोरडा असताना भारी वजन पेलेल आणि तेलकट झाल्यावर फार थोड्या वजनालाही दगा देईल. वाळूजच्या कारखान्यांत ड्रिल मशीनवर काम करणारे हेच तत्त्व वापरतात. मोर्स टेपरचा, म्हणजे ड्रिलच्या निमुळत्या दांड्याचा, उतार दर बाजूला दीड अंशाच्या आसपास असतो, म्हणून ड्रिल नुसत्या घर्षणावर घट्ट बसतं आणि काढताना पाचर ठोकावी लागते. चाकूचा उतार इतका कमी ठेवला तर खटका धरेल झकास, पण अंगठ्यानं सुटणार नाही.

जीभ सटकली नाही तर वाकू शकते. बारीक खांबावर वरून भार दिला की तो चिरडण्याआधी बाजूला फुगतो. याचं गणित ऑयलरनं अठराव्या शतकात मांडलं. वाकण्याला होणारा विरोध (आडव्या छेदाचा जडत्व आघूर्ण) जाडीच्या घनावर अवलंबून असतो, म्हणून पत्रा दुप्पट जाड केला तर वाकण्याविरुद्धची ताकद आठपट होते. यावरच फ्रेम लॉकवाले छाती फुगवतात, कारण त्यांची जीभ म्हणजे अख्खी मूठच, 3-4 मिलिमीटर जाड. मात्र तिनं स्प्रिंगसारखं लवावं म्हणून मुळाशी ती घासून बरीच पातळ करतात. आठपटीचा हिशेब कागदावरच राहतो.

पाठीवरच्या पट्टीच्या खटक्यात पाचर नसते, तिथं भार मधल्या खिळीवर येतो. खिळीच्या भोकात केसभर मोकळीक असली तरी पातं डुलतं. अँड्र्यू डेमको यांनी ‘ट्राय-ॲड’ लॉकमध्ये पातं आणि पट्टीच्या मध्ये एक जाड आडवा दांडा घातला. भार दांड्यावर जातो आणि खीळ मोकळी राहते. स्थिर वजनाच्या चाचणीत हा प्रकार फार वर असतो, आणि कारण इतकं साधं आहे की हेवा वाटावा.

धक्क्याचं गणित वेगळं. चाकूची पाठ लाकडावर आपटून उसळली की टेकणीवरचा दाब क्षणभर शून्य होऊ शकतो. दाब नाही म्हणजे घर्षणही नाही, आणि तेवढ्या क्षणात जीभ जराशी सरकते. त्यामुळं टांगलेल्या वजनाचा आकडा आपटण्याबद्दल काहीच सांगत नाही. ‘मिलिटरी ग्रेड’ या शब्दांना तर चाकूच्या बाबतीत काडीचा अर्थ नाही. बाळंतिणीच्या उशाखाली चाकू ठेवला की बाधा होत नाही, या समजुतीइतकाच तो भरवशाचा. फरक इतकाच की उशाखाली घरातला चाकू फुकटात चालतो.

आणि मुळात कापताना खटक्यावर भार येतोच कुठं? धारेवर दाब दिला की पातं आणखी उघडायच्या दिशेनं रेटलं जातं, तो भार पात्याला जास्त उघडू न देणाऱ्या अडवणीच्या दांड्यावर पडतो. कलमं बांधणाऱ्याच्या साध्या चाकूला बहुतेकदा खटकाच नसतो, पाठीच्या पट्टीचा नुसता ताण असतो. केशर आंब्याची कलमं त्यावर दिवसभर होतात. खटका लागतो तो पातं लाकडात अडकल्यावर, टोक खुपसताना किंवा पाठीनं काही ठोकताना. ही कामं घडीच्या चाकूची नव्हेत. उसाच्या फडात कुणी घडीचा कोयता नेत नाही, कारण जोडच नसला तर खटक्याचा प्रश्न येत नाही.

तरी चाकू घेतलाच असेल तर तो उजेडात उघडून जीभ बुडाखाली किती आत आली ते बघा. अगदी काठावर अडकत असेल तर टेकण अपुरी आहे. पार पलीकडच्या बाजूला जाऊन भिडली असेल तर झीज भरून काढायला जागाच उरलेली नाही. तेल द्यायचं ते खिळीला, आणि जिभेच्या टोकाला लागलेलं कापडानं कोरडं पुसून घ्यायचं. मोसंबीचा रस, माती आणि ग्रीस यांचा जो काळा राप तिथं बसतो, तो रॉकेलच्या बोळ्यानं निघतो. नंतर कोरडं कापड फिरवायला मात्र विसरू नका, रॉकेलही बुळबुळीतच असतं.