हर्निया गेला, दुखणं राहिलं : थोडी पार्श्वभूमी

हर्नियाचं ऑपरेशन झालं, टाके सुकले, गाठ गेली, पण वाकलं की जांघेत चमक निघते. मोंढ्यातल्या हमालाला किंवा ऊसतोड कामगाराला ही तक्रार नवी नाही. तिला स्वतंत्र आजार म्हणून नाव मिळालं ते मात्र अलीकडे.

आधीच्या काळात सर्जनला घोर एकाच गोष्टीचा होता, हर्निया परत यायला नको. १८८०च्या दशकात इटलीत जांघेची मागची भिंत शिवून घेण्याची पद्धत निघाली आणि पुढची शंभरेक वर्षं ऑपरेशनचं यश याच कसोटीवर मोजलं गेलं. १९५०च्या दशकाअखेर त्या भिंतीला आधार म्हणून बसवायची पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे एका प्लास्टिकची, जाळी आली. १९८९ साली अमेरिकेतल्या सर्जननी टाक्यांवर ताण न येऊ देता जाळी बसवण्याची पद्धत मांडली. हर्निया परतणं कमी झालं, तेव्हा कुठे मागे उरलेल्या दुखण्याकडे लक्ष गेलं.

आपल्याकडे अडचण वेगळीच, जाळी परवडायची नाही. मराठवाड्याशेजारच्या खानदेशात, दोंडाईच्याच्या एका सर्जनने मच्छरदाणीचं कापड निर्जंतुक करून वापरलं आणि २००३ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. २०१६ साली युगांडातल्या चाचणीत, वर्षभरानंतर, अशी स्वस्त जाळी महागड्या जाळीच्या तोडीस तोड ठरली. त्याआधी २००१ साली पुण्याच्या एका सर्जनने परकी जाळी टाळून पोटाच्या स्नायूवरच्या आवरणाचीच पट्टी वापरण्याची पद्धत मांडली होती. दुर्बिणीच्या ऑपरेशनची जाहिरात गल्लोगल्ली दिसते, या दोन्हींचा उल्लेख क्वचित कानावर येतो.

दुखण्याची कारणं थोडक्यात अशी : जांघेतून जाणाऱ्या तीन नसांपैकी एखादी टाक्यात सापडते, दुखावते, किंवा जाळीभोवतीच्या व्रणात आवळली जाते. ऑपरेशनआधीच दुखत असेल, वय कमी असेल, रुग्ण बाई असेल किंवा ऑपरेशन दुसऱ्यांदा होत असेल, तर धोका वाढतो. नस कापली तर दुखणं थांबू शकतं, पण तिथली कातडी सुन्न पडते.

असं मागे उरलेलं दुखणं डॉक्टरांच्या भाषेत ‘जुनाट’, आणि खरा घोळ याच शब्दाचा आहे. वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९८६ साली तीन महिन्यांची रेघ मारली. तेवढ्यात जखम भरते, त्यापुढे दुखलं तर ते जुनाट, असा हिशेब. १९९९ साली एका व्याख्येने ऑपरेशननंतरच्या दुखण्याला दोनच महिने दिले. जाळी बसवणाऱ्या सर्जनांचं म्हणणं उलटं : जाळीभोवतीची सूज ओसरायला वेळ लागतो, मोजायचं तर सहा महिन्यांनी मोजा. म्हणजे रेघ जितकी पुढे सरकवाल तितके दुखणारे कमी. हर्नियाच्या ऑपरेशनबद्दलच्या २०१८च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तीन महिनेच कायम राहिले, फक्त दुखणं किमान मध्यम असावं आणि रोजच्या कामात आड यावं, ही अट आली. त्या मापाने शंभरात दहा-बारा जण. रोजचं काम किंवा नोकरीच अडते, असे अर्धा टक्का ते सहा टक्के. अर्धा आणि सहा यांतली दरी पाहिली की मोजणी किती सैल आहे ते कळतं. २०२२पासून लागू झालेल्या आजारांच्या जागतिक वर्गीकरणात ऑपरेशननंतरच्या जुनाट वेदनेला स्वतंत्र जागा आहे, तिथेही तीन महिनेच.

मराठीत त्यात आणखी भर. ‘दुखणं’ म्हणजे वेदनाही आणि आजारही, आणि तीन महिन्यांच्या त्रासाला गावात कुणी जुनाट म्हणत नाही. विचारलं तर ‘ओढ लागते’, ‘मुंग्या येतात’ एवढंच सांगतात.

बीड-धाराशिवकडचा माणूस हाताला काम नसतं म्हणून आषाढ-श्रावणात ऑपरेशन उरकून घेतो. तीन महिने भरतात तेव्हा दसरा-दिवाळी आलेली असते आणि कोयता, म्हणजे नवरा-बायकोची ऊसतोड जोडी, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात उसाच्या फडावर गेलेला असतो. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली, जोडीतल्या एकाने मोळी उचलायची नाही म्हटलं तर हिशेब फिरतो. तपासणीची तारीख चुकते. खाटेवर पडल्यापडल्या दुखत नाही, मोळी डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढताना दुखतं, आणि ते तपासायला तिथे कुणी नसतं. पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, गावी येऊन तो दवाखान्यात जातो तेव्हा आठ-नऊ महिने उलटलेले असतात. तीन की सहा, हा वाद त्याच्यापुरता केव्हाच निकाली निघालेला असतो.