खालचा 'सा' आणि तारेची लांबी

गेल्या लगीनसराईत अमळनेरजवळच्या एका गावात हळदीचा कार्यक्रम होता. गायकाने पट्टी धरली पांढरी एक, म्हणजे इंग्रजी C. आजकालच्या अहिराणी गाण्यांत कीबोर्डवरून काढलेला खोल बेस असतो आणि लोक नाचतात ते त्याच्यावर. माझ्या चार तारांच्या बेस गिटारची सगळ्यात खालची तार पांढरी तीनची, म्हणजे ४१.२ हर्ट्झची. त्या पट्टीत बेसचा खालचा सा येतो ३२.७ हर्ट्झवर. तो स्वर माझ्या वाद्यात नाहीच. मी वरच्या सप्तकातला सा वाजवत राहिलो. गाणं संपल्यावर ढोलकीवाला म्हणाला, "भाऊ, खाले काहीच ऐकू येस नही."

अठरा वर्षं बेस वाजवतोय, पण हे वाक्य लागलं. पाच तारांचा बेस घ्यायचं त्याच रात्री ठरवलं. पाचवी तार ३०.९ हर्ट्झची असते, म्हणजे तिच्या पहिल्याच फ्रेटवर (दांडीवरच्या धातूच्या आडव्या पट्टीवर) पांढरी एक मिळते.

चौकशी सुरू केली तेव्हा पहिला सल्ला मिळाला लाकडाचा. एका दुकानात सांगितलं, हे लाकूड शंभर वर्षं मुरलेलं आहे, आवाज त्यातून येतो. इलेक्ट्रिक बेसमध्ये आवाज लाकडातून येत नाही. तारांखालच्या पिकअपमधल्या चुंबकासमोर पोलादी तार हलते आणि चुंबकाभोवतीच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलेलं हेच ते प्रवर्तन. लाकडाचा परिणाम होतो तो आडवाटेने, त्याकडे पुढे येतो. तार अमावास्येला चढवली तर सूर उतरतो, असंही आमच्याकडे म्हणणारे आहेत. नवी तार खुंटीवर नीट बसेपर्यंत आणि ताणली जाईपर्यंत उतरतेच. पौर्णिमेला चढवली तरी उतरते.

मग अनुभवी वादकाने नवं वाद्य घेताना पाहायचं काय? तारा, पिकअप, आतलं सर्किट, खुंट्या हे सगळं नंतर बदलता येतं. ब्रिजपासून (खालच्या घोडीपासून) नटपर्यंतची (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपर्यंतची) तारेची लांबी मात्र बदलता येत नाही. पाच तारांच्या बेसचं यश-अपयश माझ्या मते तिथेच ठरतं.

तारेचा नियम मर्सेन नावाच्या फ्रेंच विद्वानाने १६३६ मध्ये मांडला. स्वर खाली आणायचा तर तार लांब करा, ताण कमी करा किंवा तार जड करा. मात्र ताण आणि वजन वर्गमुळात मोजले जातात. वारंवारता निम्मी करायला लांबी दुप्पट पुरते, वजन मात्र चौपट लागतं.

हे हातात घेऊन पाहावं म्हणून एका मित्राच्या बेसच्या उतरवलेल्या तारा घेऊन जळगावच्या सराफ बाजारात गेलो. ओळखीच्या दुकानात सोन्याच्या काट्यावर सगळ्यात बारीक तारेचा अर्ध्या मीटरचा तुकडा ठेवला. भरला सव्वातीन ग्रॅम. मग पाचव्या तारेचा तेवढाच तुकडा ठेवला, तो २७ ग्रॅम. आठपटीहून थोडा जास्त. आता हिशेब पाहा. बारीक तार ९८ हर्ट्झची, जाड ३०.९ ची. फरक जवळपास ३.१७ पट, त्याचा वर्ग दहा. लांबी आणि ताण सारखे ठेवायचे तर वजन दहापट हवं होतं, मिळालं आठपट. उरलेली तूट कारखान्याने ताण कमी करून भरून काढली. ३४ इंची बेसवर बारीक तार साधारण १९ किलोच्या ओढीने ताणलेली असते, तर पाचवी १६ किलोच्या आसपास. म्हणूनच पाचवी तार बोटाखाली ढिली वाटते, जोरात छेडली की फ्रेटवर खडखडते आणि क्षणभर सूर चढतो.

मग तार आणखी जाड का करत नाहीत? या प्रश्नाचं उत्तर मला सगळ्यात आवडतं, म्हणून इथे जरा जास्त थांबतो.

तार एका वेळी एकच स्वर वाजवत नाही. ती पूर्ण लांबीने हलते, दोन भागांत हलते, तीन भागांत हलते. ३२.७ च्या साबरोबर ६५.४, ९८.१, १३०.८ असे उपस्वर निघतात. आदर्श तारेत ते बरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट असतात. पण खरी तार थोडी सळईसारखीही असते. तिला वाकवायला जोर लागतो, आणि हा ताठरपणा ताणाच्या भरीला येऊन तिला लवकर सरळ करतो. तार जितक्या जास्त भागांत हलेल तितकी वळणं आखूड, म्हणून वरचे उपस्वर जास्त चढतात. हा चढ उपस्वराच्या क्रमांकाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे दहाव्या उपस्वराचा चढ पहिल्याच्या शंभरपट. ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो, म्हणजे जाडी दुप्पट झाली की सोळापट. म्हणून बेसच्या तारेत आत बारीक पोलादी गाभा आणि त्यावर तारेचे वेढे असतात. वेढे वजन देतात, ताठरपणा फारसा देत नाहीत. तंबोऱ्याची खरजाची तार पितळेची का, याचंही उत्तर इथे सापडतं. पितळ पोलादापेक्षा थोडं जड आणि ताठरपणाला जवळपास निम्मं. मिरजेच्या कारागिरांनी सूत्र मांडलं नसेल, पण कान लावून ते नेमकं तिथेच पोचले.

उपस्वर थोडे चढले तर बिघडलं कुठे? आमच्या टेम्पोवरच्या स्पीकर बॉक्समधून ३२.७ हर्ट्झ जवळपास येतच नाही. बाहेर येतात ६५, ९८, १३१. कान आणि मेंदू मिळून त्या सगळ्यांमागचा समान हिशेब शोधतात आणि न वाजलेला ३२.७ आपल्याला ऐकवतात. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरवरही बेसची चाल ओळखू येते ती यामुळेच. पण उपस्वर आपल्या जागेवरून सरकले की तो समान हिशेब विस्कटतो. स्वर गढूळ होतो, "काहीतरी घुमतंय" इतकंच कळतं. खालचा सा ऐकू येण्यासाठी वरचे उपस्वर स्वच्छ हवेत.

त्यावरचा उपाय लांबी. गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडरने १९५१ मध्ये बाजारात आणलेला बेस ३४ इंचांचा होता, चार तारांना ते छान पुरलं. अमेरिकन बेसवादक अँथनी जॅक्सनने १९७५ मध्ये सहा तारांचा बेस बनवून घेतला, तोही खालच्या याच तारेसह, आणि पुढे त्याची वाद्यं ३६ इंचांवर गेली. तीच तार, तोच स्वर ठेवून ३४ ऐवजी ३५ इंच घेतले तर ताण ६ टक्के वाढतो. उपस्वरांचा चढ ताणाने आणि लांबीच्या वर्गाने, दोन्हींनी कमी होतो, म्हणजे ११ टक्के घट. तिरपे फ्रेट असलेल्या काही बेसमध्ये पाचवी तार ३७ इंचांची असते, तिथे घट २९ टक्के. बोटांना काय भुर्दंड? ३५ इंची बेसवर पहिला फ्रेट दीड मिलिमीटरही लांब जात नाही.

दुकानात करायची परीक्षा सोपी आहे. पाचवी तार पाचव्या फ्रेटवर दाबा आणि शेजारची चौथी मोकळी वाजवा. दोन्हींवर तोच ४१.२ चा स्वर. पण पाचव्या तारेचा हलणारा भाग आता साडेपंचवीस इंच उरलाय, साध्या गिटारच्या तारेएवढा. जिथे या दोन आवाजांत सगळ्यात कमी फरक वाटेल, तो बेस पसंत करून बाजूला ठेवा. मग बारीक तारेवर पाचव्या ते सातव्या फ्रेटपर्यंत एकेक स्वर धरून ठेवा. एखादा लवकर मरतो का? नेकची (वाद्याच्या दांडीची) स्वतःची कंप्रता त्या स्वराशी जुळली की नेक तारेची ऊर्जा पिऊन टाकतं. लाकूड कामाला येतं ते इथे, त्याच्या कडकपणामुळे. नेकचा बाक सुधारणारी आतली सळई दोन्हीकडे फिरते का तेही पाहा, कारण जळगावच्या मे महिन्यात आणि श्रावणात तेच नेक वेगवेगळं वाकतं. वजन आणि रंग तुमचं तुम्ही बघा.

मी ३५ इंचांचा घेतला, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी. घरी छोट्या ॲम्प्लिफायरला जोडून पाचव्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर बोट ठेवलं. स्वयंपाकघरातल्या मांडणीवर एक ताट झणझणलं. आई बाहेर आली. मी तिसऱ्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवर वरचा सा वाजवून पाहिला, ६५.४ चा. ताट तितकंच झणझणलं. म्हणजे मघाशी त्याला हलवलं होतं ते दुपटीच्या उपस्वराने. आईने ताट काढून खाली ठेवलं आणि म्हणाली, आता वाजव.