छताच्या पंख्याचा कंडेन्सर बदलणे

घरच्या घरी करता येणाऱ्या वीजदुरुस्त्यांपैकी वारंवार लागणारी एक दुरुस्ती. पंखा मंदावला किंवा बटण दाबल्यावर नुसताच गुणगुणत राहिला आणि पिकअप घेईना, तर बहुतेक वेळा मोटार शाबूत असते. दोष असतो तो रॉडच्या तळाशी, वाटीखाली दडलेल्या काडेपेटीएवढ्या धारित्रात. दुकानात, वायरमनच्या तोंडी आणि घरातही त्याला कंडेन्सरच म्हणतात. तो सहसा शंभर रुपयांच्या आत मिळतो आणि बदलायला अर्धा तास पुरतो. या कामातला खरा जोखमीचा आणि कौशल्याचा भाग म्हणजे दोष नेमका ओळखणे आणि पंख्यापर्यंतचा पुरवठा खरोखर बंद करणे. प्रत्यक्ष भाग बदलणे त्यामानाने सोपे.

कार्य. भारतातील घरांना सिंगल फेज, २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ पुरवठा मिळतो. एकाच वाइंडिंगमधून (तारेच्या वेटोळ्यातून) असा प्रवाह सोडला तर चुंबकीय क्षेत्र जागच्या जागी कमी-जास्त होते, फिरत नाही. म्हणून पंख्याच्या मोटारीत रनिंग आणि स्टार्टिंग अशी दोन वाइंडिंग असतात आणि स्टार्टिंग वाइंडिंगच्या वाटेत कंडेन्सर जोडलेला असतो. कंडेन्सरमुळे त्या वाइंडिंगमधला प्रवाह रनिंगच्या प्रवाहापेक्षा आधी शिखर गाठतो. दोन्ही क्षेत्रांच्या वेळेत असे अंतर पडले की त्यांचे मिळून एक फिरते क्षेत्र तयार होते आणि रोटर, म्हणजे मोटारीचा फिरणारा भाग, त्याच्या मागे धावू लागतो. छताच्या पंख्यात स्टेटर (स्थिर भाग) आत आणि रोटर बाहेर असतो, म्हणूनच पाती बाहेरच्या कवचाला थेट स्क्रूने बसवता येतात.

काही मोटारींत कंडेन्सर फक्त सुरुवातीला लागतो आणि वेग आला की आपोआप सुटा होतो. पंख्यात तसे नाही. पंखा रात्रभर चालला तर कंडेन्सरही रात्रभर राबतो, आणि त्याच्या टोकांवरचा विद्युतदाब पुरवठ्याच्या २३० व्होल्टपेक्षा जास्त असतो. त्यामुळे त्याच्यावर ४४० व्होल्टचे रेटिंग छापलेले असते. २५० व्होल्टचा कंडेन्सर इथे चालत नाही.

बिघाड कसा होतो. आजचे कंडेन्सर पॉलिप्रॉपिलीनच्या पातळ फिल्मवर धातूचा सूक्ष्म थर चढवून, ती फिल्म गुंडाळून केलेले असतात. फिल्ममध्ये कुठे कमकुवत जागी छिद्र पडले तर तिथला धातू वाफ होऊन उडतो आणि तेवढा डाग आपोआप वेगळा पडतो. कंडेन्सर शॉर्ट होण्यापासून वाचतो, पण प्रत्येक डागागणिक त्याची क्षमता थोडी घटते. २.५ मायक्रोफॅरडचा (हे क्षमतेचे एकक) कंडेन्सर काही वर्षांत दीडवर येतो. ही घसरण इतकी हळू होते की घरच्यांना ती जाणवतही नाही. ‘पंखा जुना झाला’ म्हणून सगळे गप्प बसतात आणि नवा पंखा घ्यायच्या गोष्टी सुरू होतात. उष्णतेने ही झीज वाढते. विदर्भात पारा पंचेचाळिशीला टेकतो तेव्हा वरच्या मजल्याच्या तापलेल्या स्लॅबखाली पंखा दिवसरात्र पाचवर चालतो. तिथले कंडेन्सर लवकर जातात यात नवल नाही.

निदान. आधी घरातले बाकीचे पंखे पाहावेत. सगळेच मंद असतील तर व्होल्टेज कमी आहे. मोटारीचा पीळ (फिरवण्याचा जोर, टॉर्क) व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो, त्यामुळे दाब दहा टक्के उतरला की पीळ जवळजवळ वीस टक्के घटतो. एकच पंखा मंद असेल तर रेग्युलेटर पूर्ण वेगावर ठेवून पाहावे. कंडेन्सरच्या टप्प्यांचा रेग्युलेटर असेल आणि दोनवर किंवा तीनवरच पंखा बंद पडत असेल, तर दोष रेग्युलेटरचा. पंखा उघडू नये. तसे नसेल तर बटण बंद करून पाते हाताने फिरवावे. अडत असेल किंवा करकरत असेल तर बेअरिंग गेले आहे. अलगद फिरत राहून सावकाश थांबत असेल तर संशय कंडेन्सरवर येतो.

पुरता निकामी झालेला कंडेन्सर एका ठळक खुणेने ओळखता येतो. पंखा गुणगुणतो, सुटत नाही, आणि कोरड्या लाकडी काठीने पाते ढकलले तर ज्या बाजूला ढकलू त्याच बाजूला फिरू लागतो. फिरते क्षेत्रच नसल्याने मोटारीला स्वतःची अशी दिशा उरत नाही. हा प्रयोग जमिनीवर उभे राहून, दुरूनच करावा आणि लगेच बटण बंद करावे. अडकून गुणगुणणाऱ्या पंख्याचे वाइंडिंग तापत असते. वार्निश जळल्याचा वास येत असेल तर कंडेन्सर बदलून काही होणार नाही. तो पंखा रिवाइंडिंगच्या दुकानात न्यावा.

कंडेन्सर तपासण्याची एक जुनी रीत फार फैलावलेली आहे: त्याच्या वायरी क्षणभर प्लगमध्ये घालायच्या आणि बाहेर काढून टोके एकमेकांना टेकवायची, ठिणगी उडाली तर कंडेन्सर चांगला. ही रीत सोडून द्यावी. त्यात धोका आहेच, शिवाय उत्तरही चुकीचे मिळते. अर्धी क्षमता गमावलेला कंडेन्सरही झकास ठिणगी देतो, आणि मंद पंख्याचे कारण नेमकी ती गमावलेली अर्धी क्षमता असते. क्षमता मोजणारा मल्टिमीटर असेल तर आकडा वाचावा. २.५ वर पाच टक्क्यांची सूट धरली तर २.३८ ते २.६३ या दरम्यानचे मूल्य ठीक. मीटर नसेल तर नवा कंडेन्सर लावून पाहणे हीच स्वस्त चाचणी.

कायदा. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील ४५ व्या नियमानुसार वीजजोडणीची कामे परवानाधारक ठेकेदारानेच करायची, पण दिवे, पंखे, फ्यूज, स्विच यांची, जोडणीची क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी अदलाबदल त्यातून वगळली होती. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ही सवलत राहिली. म्हणून कंडेन्सर बदलणे घरमालकाच्या हातचे काम आहे. भिंतीतली वायर नव्याने ओढणे हे मात्र वायरमनचेच काम.

पुरवठा बंद करणे. बटण बंद केले म्हणजे पंखा सुरक्षित झाला, असे समजू नये. बटण फेजच्या, म्हणजे वीज आणणाऱ्या जिवंत वायरीवर असायला हवे. पण कित्येक जुन्या घरांत ते चुकून न्यूट्रलवर बसवलेले सापडते. अशा वेळी पंखा थांबतो, पण त्याच्या टोकांवर फेज तशीच उभी असते. त्यासाठी त्या खोलीचा एमसीबी किंवा मेन स्विच पाडावा लागतो.

आणि इथेच महाराष्ट्रातल्या असंख्य घरांतला खरा सापळा आहे. लोडशेडिंगच्या वर्षांत घरोघर इन्व्हर्टर आले आणि त्यांवर नेमके पंखे आणि दिवे टाकले गेले. मेन स्विच पाडला की इन्व्हर्टरला वाटते वीज गेली, आणि तो तत्परतेने पंख्याला २३० व्होल्ट पुरवू लागतो. उलट नुसता इन्व्हर्टर बंद केला तर अनेक इन्व्हर्टरांतून मेनची वीज सरळ पुढे जातच राहते. म्हणून इन्व्हर्टर आणि मेन, दोन्ही बंद करायचे. टेस्टर आधी चालू प्लगमध्ये घालून पेटतो का ते पाहून घ्यावे, आणि मग पंख्याच्या कनेक्टरवरच्या पुरवठ्याच्या दोन्ही वायरींना लावावा. एकाच वायरीला लावून समाधान मानू नये. घरातल्यांना सांगून ठेवावे, मेन स्विचपाशी चिठ्ठी चिकटवावी, आणि स्टूल धरायला कुणी तरी असावेच. जुन्या कंडेन्सरमध्ये उरलेला विद्युतभार तसा अल्प असतो, शिवाय वाइंडिंग शाबूत असेल तर तो त्यातूनच निघून जातो. तरीही इन्सुलेटेड मुठीच्या स्क्रू ड्रायव्हरने त्याची दोन्ही टोके जोडून घ्यावीत. इथे भीती झटक्याने दचकून स्टुलावरून पडण्याची आहे.

बदलण्याची कृती. वाटीचा स्क्रू सैल केला की ती रॉडवरून वर सरकते. ती टेपने तिथेच अडकवून ठेवावी. आत धुळीचा थर, पितळी स्क्रूंचा कनेक्टर आणि दोन वायरींचा कंडेन्सर दिसतो. काहीही सोडवण्याआधी मोबाइलवर स्वच्छ फोटो काढावा. मोटारीतून येणाऱ्या तीन वायरींचे रंग कंपनीगणिक वेगळे असतात, त्यामुळे रंगावर विसंबून चालत नाही. जुना कंडेन्सर काढून नव्याच्या वायरींची टोके सेंटीमीटरभर सोलावीत, तारा पिळून घ्याव्यात, जुन्याच जागी घालून स्क्रू घट्ट करावा आणि वायर हलकेच ओढून पाहावी. उघडी तार कनेक्टरबाहेर डोकावता कामा नये.

वर चढलोच आहोत तर रॉडचे नट-बोल्ट आणि त्यातली स्प्लिट पिन जरूर पाहावी. ती पिन गळून गेली आणि नट सैल होत गेला तर अख्खा पंखा खाली येतो. कंडेन्सर न बदलताही वर्षातून एकदा तेवढ्यासाठी शिडी लावणे योग्य ठरेल.

फोटो नसेल आणि वायरी गोंधळल्या असतील, तर मीटरवर तिन्ही वायरींच्या जोड्यांचा रोध मोजावा. सर्वाधिक रोध ज्या जोडीत, ती रनिंग आणि स्टार्टिंगची टोके, उरलेली कॉमन, म्हणजे दोन्हींची सामाईक वायर. कंडेन्सर त्या जोडीच्या मध्ये बसतो आणि पुरवठा कॉमन व रनिंगला जातो. रनिंगऐवजी स्टार्टिंगला दिला गेला तर पंखा उलटा फिरतो आणि खाली बसलेल्याला वाराच लागत नाही.

मूल्याची निवड. कंडेन्सरवर छापलेलेच मूल्य घ्यावे, बाजारात २.२५, २.५, ३.१५ आणि ४ मायक्रोफॅरड सहज मिळतात. ‘२.५ च्या जागी ३.१५ चा टाका, वारा जोरात येईल’ असा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. वेग किंचित वाढतोही. पण स्टार्टिंग वाइंडिंगमधून, ज्यासाठी ते गुंडाळलेले नाही असा जास्तीचा प्रवाह कायम वाहत राहतो, मोटार तापते आणि थोड्याशा वाऱ्यापायी वाइंडिंग जळण्याची पाळी येते. हा सल्ला मानू नये.

केव्हा करू नये. पावसाळ्यात कोकणात, आणि इतरत्रही गळक्या स्लॅबखाली, पंख्याच्या हुकापाशी ओल उतरते. तिथे ओल दिसली, पंखा लावताच आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) पडत असेल किंवा वायरीचे इन्सुलेशन हात लावताच तुटून पडत असेल, तर वायरमनला बोलवावे.

बीएलडीसी (ब्रशलेस डीसी मोटारीच्या) पंख्यांना ही दुरुस्ती लागू नाही. त्यांची मोटार इलेक्ट्रॉनिक बोर्डावर चालते. साध्या पंख्याच्या ७०–८० वॉटच्या जागी असा पंखा साधारण तीसेक वॉट घेतो. बिघाड झाला तर बहुधा पूर्ण बोर्डच बदलतात, आणि तो ज्या-त्या कंपनीचाच लागतो.