विरल मृदायुक्त काचेची दीप्ती आणि धातू आयन

निओडिमियम, अर्बियम, युरोपियम, टर्बियम अशा विरल मृदा (रेअर अर्थ) मूलद्रव्यांचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, काचेत अल्प प्रमाणात मिसळले असता ते शोषलेली ऊर्जा ठराविक तरंगलांबीच्या प्रकाशाच्या रूपाने उत्सर्जित करतात; हीच दीप्ती. या उत्सर्जनास कारणीभूत असलेले ४एफ (आतल्या कवचातले) इलेक्ट्रॉन बाहेरच्या ५एस व ५पी कवचांच्या आड असल्यामुळे काच बदलली तरी प्रकाशाचा रंग फारसा बदलत नाही. मात्र त्याची तीव्रता आणि उत्तेजित (ऊर्जा शोषलेल्या) अवस्थेचा आयुःकाल भोवतालच्या अणूंवर अवलंबून असतात, आणि सोबत मिसळलेल्या धातूंचा प्रभाव प्रामुख्याने येथेच पडतो.

याचे सर्वांत बोलके उदाहरण ॲल्युमिनियमचे आहे. शुद्ध सिलिका काचेचे जाळे इतके घट्ट असते की विरल मृदा आयनांना पुरेसे ऑक्सिजन अणू स्वतंत्रपणे मिळत नाहीत, म्हणून ते एकमेकांजवळ गोळा होतात. अशा पुंजक्यांत ऊर्जा एका आयनाकडून दुसऱ्याकडे जाते आणि तिचा बराचसा भाग उष्णतेत वाया जातो. ॲल्युमिनियम ऑक्साइड घातल्यास हे पुंजके विरतात. १.५५ मायक्रोमीटरच्या आसपास चालणाऱ्या अर्बियम तंतू-प्रवर्धकांत (प्रकाशतंतूतील संकेत वाढवणाऱ्या उपकरणांत) ॲल्युमिनियम मिसळतात ते याचसाठी. शिवाय त्यामुळे अर्बियमचा उत्सर्जनपट्टाही रुंदावतो.

शिसे, बिस्मथ यांसारखे जड धातू काचेच्या जाळ्याची कंपने मंद करतात व त्यामुळे कंपनांवाटे होणारी ऊर्जाहानी घटते. आयनाभोवतीची रचना किती असममित झाली हे युरोपियमवरून ओळखता येते, कारण असममिती वाढली की ६१२ नॅनोमीटरचा तांबडा प्रकाश ५९० नॅनोमीटरच्या नारिंगी प्रकाशाच्या तुलनेत प्रखर होतो.

काही आयन स्वतः ऊर्जा शोषून ती शेजाऱ्याला देतात: यटर्बियम ९८० नॅनोमीटरचा प्रकाश शोषून अर्बियमला, तर सेरियम अतिनील प्रकाश शोषून टर्बियमला. चांदीच्या बाबतीत अधिक सावधगिरी हवी. तिचे सूक्ष्म कण जवळच्या आयनांची दीप्ती वाढवू शकतात, पण फारच जवळ असल्यास ती मालवतातही. शिवाय चांदीचे सुटे आयन आणि मोजक्या अणूंचे समूहदेखील युरोपियमला ऊर्जा पुरवतात, त्यामुळे वाढलेल्या दीप्तीचे सगळे श्रेय कणांना देणे योग्य ठरत नाही.

लोह व तांबे मात्र बहुतेक वेळा घातकच. लोहाचा फेरस आयन १ मायक्रोमीटरच्या आसपास प्रकाश शोषतो आणि निओडिमियमचे लेसर उत्सर्जन नेमके १.०६ मायक्रोमीटरजवळ असते. एलायस स्नित्झर यांनी १९६१ मध्ये निओडिमियम काचेचा लेसर चालवून दाखवला. अशा लेसरसाठी काच वितळवताना कच्च्या मालातील लोहाचा अंशही कसोशीने टाळावा लागतो.