दुखणं दहापैकी किती?

मॉर्फिनची मेंदूला सवय होते, आतड्याला होत नाही. ओपिऑइड गटातली, म्हणजे मॉर्फिनच्या कुळातली, वेदनाशामक गोळी सुरू झाली की पहिले काही दिवस मळमळतं, गुंगी येते. मग शरीर सरावतं. बद्धकोष्ठता मात्र पहिल्या आठवड्यात जशी, तशीच सहा महिन्यांनीही. म्हणून जाणकार डॉक्टर या गोळीसोबतच रेचक लिहून देतात. जे देत नाहीत, त्यांनी बाकीचा हिशेब तरी पेशंटला सांगितला असेल का, अशी शंका मला येते.

हिशेब असा. ही औषधं पेशीवरच्या ज्या ‘म्यू’ रिसेप्टरवर, म्हणजे औषध चिकटण्याच्या जागेवर, जाऊन बसतात, तो मज्जारज्जूत वेदनेचा निरोप अडवतो. पण तोच रिसेप्टर आतड्याच्या भिंतीत आहे आणि श्वासाचा ताल धरणाऱ्या मेंदूच्या बुंध्यातही आहे. यातलं नेमकं कुठे जायचं हे गोळीला कळत नाही. दुखण्यावरचा असर महिन्या-दोन महिन्यांत बोथट होऊ लागतो, डोस वाढतो, पण श्वासाच्या बाबतीत शरीर तितक्या वेगाने सरावत नाही. दुखणं थांबवणारा डोस आणि श्वास थांबवणारा डोस यांच्यामधली मोकळी जागा अरुंद होत जाते. त्यात झोपेची गोळी किंवा दारू पडली, तर ती आणखी आक्रसते. काहींच्या बाबतीत तर उलटंच होतं: औषधानेच मज्जासंस्था हळवी होते आणि डोस वाढवला की दुखणंही वाढतं.

ऑपरेशननंतरचे चार दिवस, कॅन्सरचं दुखणं, आयुष्याचा शेवटचा टप्पा, इथला विचार वेगळा. तिथे मॉर्फिन नाकारणं हा निव्वळ क्रूरपणा ठरू शकतो. प्रश्न आहे तो तीन महिन्यांच्या वर रेंगाळलेल्या कंबरदुखीचा, झिजलेल्या गुडघ्यांचा. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत असे २४० पेशंट घेतले होते. अर्ध्यांना ओपिऑइड, अर्ध्यांना पॅरासिटामॉलसारखी साधी औषधं, आणि वर्षभर पाठपुरावा. रोजची कामं करण्याची क्षमता दोन्ही गटांत सारखीच सुधारली. दुखण्याची तीव्रता तर साध्या औषधांच्या गटातच किंचित कमी भरली, आणि दुष्परिणाम ओपिऑइडवाल्यांना जास्त झाले.

यात ‘कामं करण्याची क्षमता’ हा शब्द महत्त्वाचा. ‘दहापैकी किती दुखतंय?’ हा प्रश्न एकटा विचारला, तर फार काही हाती लागत नाही. आज सात, उद्या सहा, पाऊस आला की आठ. त्यापेक्षा तीन प्रश्नांची एक छोटी मोजपट्टी जास्त कामाची आहे: गेल्या आठवड्यात सरासरी किती दुखलं, त्यामुळे जगण्यातली मजा किती गेली, आणि रोजच्या वावरात किती अडथळा आला. प्रत्येकाला शून्य ते दहा गुण, मग तिन्हींची सरासरी. ती तीस टक्क्यांनी उतरली तर फरक खरा मानतात. समजा, एखाद्या बाईंचं उत्तर आलं सात, आठ, नऊ. म्हणजे सरासरी आठ. गोळी सुरू करून महिना झाला: सात, पाच, चार. ‘अजून तेवढंच दुखतंय’ असं त्या म्हणतील, आणि ते खरंही आहे. पण त्या आता जिना चढून गच्चीवर जातात. उलट सात, आठ, नऊचं चार, आठ, नऊ झालं आणि दिवस गुंगीतच गेला, तर ते औषध लागू पडलं असं मी म्हणणार नाही.

म्हणूनच पहिलं प्रिस्क्रिप्शन लिहिण्याआधी पेशंटला विचारावं, की तुम्हाला नेमकं काय करता यायला हवंय? आणि ते जमलं नाही तर गोळी कधी, कशी थांबवायची, हेही त्याच बैठकीत ठरावं.

वेगवेगळ्या गोळ्यांची ताकद मॉर्फिनच्या मापात मोजतात. ऑक्सिकोडोन या याच गटातल्या औषधाच्या डोसला दीडने गुणायचं. दिवसाला दहा मिलिग्रॅमच्या चार गोळ्या म्हणजे मॉर्फिनचे साठ मिलिग्रॅम. अमेरिकेतल्या सीडीसी या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत दिवसाला पन्नासला सावध व्हा आणि नव्वदपर्यंत शक्यतो जाऊ नका असं सांगितलं होतं. सल्ल्याचा कायदा व्हायला वेळ लागला नाही. कित्येक वर्षं त्याच डोसवर ठीक चाललेल्या माणसांचीही औषधं झटक्यात कापली गेली. शरीर या औषधावर विसंबलेलं असणं म्हणजे व्यसन नव्हे. पण एकदम तोडलं की घाम, जुलाब, तळमळ आणि दुप्पट दुखणं सुरू होतं, माणूस आत्महत्येच्या विचारापर्यंत जाऊ शकतो. २०१९ मध्ये तिथल्या एफडीए या औषध-नियामक संस्थेला तसा इशारा द्यावा लागला. २०२२ च्या सुधारित सूचनांच्या मुख्य शिफारशींतून ते आकडे गेले. वर्षाहून जास्त काळ गोळी घेणाऱ्याचा डोस महिन्याला दहा टक्के किंवा त्याहूनही सावकाश उतरवावा, मध्ये थांबायची मुभा ठेवावी, असं आता सांगतात.

उतरवताना एक गोष्ट हमखास सांगायची राहते. डोस कमी झाला की शरीराचा सरावही ओसरतो. कपाटात गोळ्यांची जुनी पट्टी उरलेली असते, एका वाईट रात्री हात तिच्याकडे जातो, आणि पूर्वी सहज पचणारा तोच डोस आता श्वास थांबवू शकतो. उरलेल्या गोळ्या औषधाच्या दुकानात परत घेत असतील तर तिथे द्याव्यात. नालोक्सोन हा ओपिऑइडचा असर उलटवणारा उतारा घरात ठेवावा, आणि तो कसा द्यायचा हे घरातल्या दुसऱ्या माणसाला शिकवावं. पेशंट स्वतः तेव्हा शुद्धीवर नसतो.