युती सरकारात हवे तेवढे मंत्री करता येतात का?

"युतीचं सरकार म्हणजे काय, जो आमदार रुसला त्याला मंत्री करायचं, कितीही करा, लिमिटच नाही" असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. असं वाटणं साहजिक आहे, कारण पूर्वी खरंच लिमिट नव्हतं आणि पाठिंब्याच्या बदल्यात खिरापतीसारखी मंत्रिपदं वाटली जायची.

पण २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने ते बंद झालं. कलम १६४(१क) बघा, मुख्यमंत्री धरून मंत्री विधानसभेच्या एकूण जागांच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त नकोत, आणि छोट्या राज्यात निदान १२ तरी हवेत. महाराष्ट्रात जागा २८८, त्याचे १५ टक्के ४३.२, म्हणजे जास्तीत जास्त ४३. गोव्यात ४० चे १५ टक्के फक्त ६ होतात, म्हणून तिथे १२ चा आकडा लागतो, म्हणजे ४० पैकी १२ मंत्री! मला हे जास्तच वाटतं, पण नियमात बसतं.

मग गोंधळ होतो कुठे? महामंडळाच्या अध्यक्षांना "राज्यमंत्री दर्जा" देतात, गाडी-ऑफिस मिळतं, लोक त्यांनाही मंत्रीच समजतात. ते मंत्रिमंडळात नसतात, त्यामुळे त्या १५ टक्क्यांत धरत नाहीत. युतीतली खरी देवाणघेवाण बरीचशी इथेच चालते आणि लक्ष इथेच ठेवायला हवं.

स्वतः तपासायचं असेल तर राज्य सरकारच्या वेबसाइटवरची मंत्र्यांची यादी उघडा, कॅबिनेट आणि राज्यमंत्री दोन्ही मोजा, मुख्यमंत्री धरून. पाच मिनिटांचं काम आहे.